शेवटचा हात

"हलू नका."

"मी हललेलो नाही."

"हललात. पडद्यावर दिसतंय."

"मग पडद्याला सांग, हलू नकोस म्हणून."

रंगारी खोलीच्या मधोमध उभा होता. डोळ्यांवर हेडसेट, उजव्या मुठीत कंट्रोलर, पाय घट्ट रोवलेले. खरोखरच हलला नव्हता. पण हेडसेटच्या आत त्याला जी भिंत दिसत होती ती डावीकडे सरकत होती, नीट न लावलेलं कपाटाचं दार आपोआप उघडत जावं तशी. त्याने तिच्यामागे मान वळवली. मग जमीनच तिरकी झाली. आधारासाठी त्याने डावा हात पसरला आणि हाताला जे लागलं तो मुलीचा खांदा होता. दोघांनीही लगेच सोडवून घेतलं.

*जागा हरवली आहे,* हेडसेटमधली बाई त्याच्या कानात म्हणाली. *सावकाश चारही बाजूंना पाहा.*

"ही बया काय म्हणते?"

"जागा हरवली म्हणते."

"कुणाची?"

मुलीने त्याच्या डोक्यावरून हेडसेट काढला, दोन बोटांनी, उष्टं भांडं उचलावं तसा.

*

अंदाज: बाप आणि लेक एका छताखाली काम करतायत, म्हणजे काहीतरी मिटलं असणार.

दुरुस्ती: काही मिटलेलं नाही. आई गेल्यावर महिन्याभरात मुलीने घर सोडलं. त्यानंतर दोघं भेटले ते नात्यातल्या कुणाच्या आजारपणात, तेही पलंगाच्या दोन बाजूंना. ही खोली रंगवायचं काम त्याला ठेकेदाराकडून मिळालं. इथली यंत्रं आपली मुलगी सांभाळते हे त्याला शिडी आत आणल्यावर कळलं. शिडी परत नेणं शोभलं नसतं. तेव्हापासून ती त्याला मिस्त्री म्हणते, तो तिला मॅडम म्हणतो. नाक सारखं आहे, पण ऑफिसात नाकं कोण बघतं.

अंदाज: रंगकाम संपलं, आता तो पैसे घेऊन जाईल.

दुरुस्ती: या खोलीत पोरांना रंगकाम शिकवणार होते. रंग नाही, पाणी नाही, भिंतसुद्धा नाही. हेडसेट चढवायचा, मुठीतला कंट्रोलर म्हणजे ब्रश समजायचा आणि हवेत हात फिरवायचा. आतली भिंत रंगत जाते. त्यासाठी एका मुरलेल्या हाताची नोंद हवी होती. तो हात पोरांच्या डोळ्यांपुढे फिरत राहणार आणि त्यांनी आपला हात त्याच्यामागून न्यायचा. मॅनेजरने कोरड्या झालेल्या भिंतीवरून बोटं फिरवली, डोळे मिटून फिरवली, आणि रंगाऱ्याला म्हणाला, "हा हात आम्हाला द्या. नोंद चांगली झाली तर इथेच राहा शिकवायला. शिडीवर चढायची गरज नाही."

रंगारी म्हणाला, "बघू."

शिडीवर चढायची गरज नाही, हे वाक्य मात्र तो घरी घेऊन गेला होता. जेवताना, झोपताना, बूट घालताना ते त्याच्याजवळ होतं.

नोंद आज करायची होती. जेवणाच्या सुट्टीनंतर मॅनेजर बघायला येणार होता.

*

"भिंती फार पांढऱ्या झाल्यात," मुलगी म्हणाली.

"पांढऱ्याच सांगितल्या होत्या."

"ते मॅनेजरने. मी काय सांगितलं होतं?"

"तू माझ्याशी बोललेलीच नाहीस. मॅडम."

"ठेकेदाराकडे निरोप दिला होता. खिडकीसमोरची भिंत तशीच राहू द्या, डागांसकट. दिला होता की नाही?"

"मिळाला निरोप." रंगाऱ्याने त्या भिंतीकडे पाहिलं. "चांगला मिळाला. म्हणून तिला एक हात जास्त मारला."

मुलीने हेडसेट टेबलावर ठेवला. जरा जोरातच.

"का?"

"डाग ठेवा म्हणे. टोमणा मारायला ठेकेदाराचं तोंड कशाला वापरायचं? आपलं वापरावं."

"टोमणा नव्हता तो. याला डाग लागतात." तिने हेडसेट उलटा करून कडेचे काळे ठिपके त्याच्यापुढे धरले. "हे कॅमेरे आहेत. हे खोलीत खुणा शोधतात. खिळ्याचं भोक, पोपडा, खुर्ची घासून पडलेली रेघ. तुम्ही डोकं हलवलं की खुणा सरकतात. त्या किती सरकल्या त्यावरून याला कळतं की डोकं कुठून कुठे गेलं."

"आणि खुणा नसल्या की?"

"मग अंदाज. आत एक तुकडा असतो, कल आणि झटका ओळखणारा. चपळ असतो, पण आंधळा. डोळे मिटून घरात चालल्यासारखं करतो. चार पावलं बरोबर जातात, मग थोडी चूक, त्या चुकीवर पुढचं पाऊल. कॅमेऱ्याला खूण दिसली की तो चूक सुधारतो. इथे दिसायला काय ठेवलंय तुम्ही? दारसुद्धा पांढरं. खिडकीला पांढरा पडदा. खाली सतरंजी करडी, तीही कोरी."

"म्हणजे भिंत बिनडागी झाली म्हणून तुझं यंत्र वेडं झालं."

"हो."

"दोष नाही, हाच दोष."

"याच्यासाठी, हो."

रंगारी हसला. छान हसू नव्हतं ते. "आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय. लोकांनी रेघ राहिली म्हणून बोल लावला, थेंब पडला म्हणून लावला. गुळगुळीत झाली म्हणून आज माझ्या पोटच्या पोरीने."

"हळू बोला. बाहेर ऐकू जातं."

"लाज वाटते?"

"हो," ती म्हणाली. "आणि टोमणा मारला असता तरी काय बिघडलं असतं? खरवडलीतच ना तुम्ही ती भिंत? आईची घरातली चप्पलसुद्धा अजून हलवली नव्हती."

*

ती भिंत म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरातली. दिवसाचं काम उरकलं की आई पाटावर बसायची आणि डोकं मागे भिंतीला टेकवायची. बोलायची नाही, झोपायची नाही, नुसती टेकायची. वर्षानुवर्षं टेकून तिथे एक गोल, काळपट, तेलकट डाग पडला होता. शहरभर भिंती गुळगुळीत करणाऱ्या माणसाच्या घरात तेवढा एक डाग. ती असताना तो त्यावरून कुरकुरायचा. ती म्हणायची, माझी उशी आहे ती, हात लावू नका.

"तेलकटावर रंग धरत नाही," रंगारी आता म्हणाला. "तुला माहितीये."

"रंग द्यायला सांगितलं कुणी?"

"पहिला हात मारला तेव्हा पुसट झाला. वाटलं, गेला. सकाळी पुन्हा तिथेच. दुसरा हात मारला. पुन्हा वर. प्रत्येक हातातून वर यायचा तो. मग काय करणार, खरवडला विटेपर्यंत."

"तेच म्हणतेय मी."

"मग रोज बघत बसायचं होतं?"

"हो," मुलगी म्हणाली.

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. येऊ द्या, येऊ द्या, असा आवाज येत राहिला. मग बस्स.

*

*जागा शोधत आहे.*

तिने रंगीत कागद कापले आणि भिंतीला चिकटवायला निघाली. तो आडवा आला.

"त्या भिंतीला काही चिकटवायचं नाही. ओढताना साल निघेल."

"मग नोंद कशी करायची?"

"ते तू बघ. शिकलीस ना तू."

"मॅनेजर आत्ता येईल. मला काही फरक पडत नाही, मिस्त्री. तुमचीच नोकरी आहे. चढा शिडीवर. सत्तरीपर्यंत चढा."

तो बाजूला झाला नाही. ती वळली आणि दारामागे ठेवलेल्या त्याच्या सामानाकडे गेली. बादल्या, रोलर, पॉलिश पेपरचे तुकडे, आणि या सगळ्याच्या बुडाशी घडी केलेली चादर. काम करताना तो ती जमिनीवर अंथरायचा. कधीकाळी ती आई-बाबांच्या पलंगावर होती. कडेची निळी नक्षी अजून कुठे कुठे दिसत होती. बाकी सगळी थेंबांनी भरलेली. शाळेचा निळा. दवाखान्याचा हिरवट. कुणाच्या तरी दिवाणखान्यातला, त्या घरच्यांनाच नंतर न आवडलेला जांभळा. एका कोपऱ्यात फिका गुलाबी, त्यांच्या स्वयंपाकघराचा.

"ती कशाला?"

"भिंतीला हात लावत नाही मी. शिडीवर टाकते. दोरी आहे का?"

"पिशवीत. थांब, मी देतो."

पण तिने पिशवी उघडली होती. दोरीच्या आधी तिच्या हाताला चिकटपट्टीचं रीळ लागलं. कागदी, रंगाऱ्यांची. निम्म्याहून जास्त संपलेलं.

टेप लावून कड मारणारा रंगारी म्हणजे पट्टी धरून सही करणारा माणूस, असं तो म्हणायचा. छताला भिंत मिळते ती कड तो मोकळ्या हाताने मारायचा, श्वास रोखून, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि लहानपणी ती खाली उभी राहून त्याच्याबरोबर श्वास रोखायची.

"तुम्ही आणि टेप?"

"सामान आहे. राहतं पिशवीत."

तिने वर, छताच्या कडेकडे पाहिलं. कड सरळ होती. तिने रीळ परत पिशवीत टाकलं.

*

चादर शिडीवर पसरली. घड्या मोडल्या नाहीत, थोडी सुरकुतलेलीच राहिली. मुलीने हेडसेट चादरीसमोर धरला आणि टेबलावरच्या संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर हेडसेटचे डोळे काय बघतात ते दिसायचं; त्याला जी खूण पटेल तिच्यावर हिरवा ठिपका उगवायचा. इतका वेळ दाराच्या मुठीवर एकदोन ठिपके तेवढे चिकटून होते. आता एकदम उगवायला लागले. निळ्यावर, हिरवटावर, जांभळ्यावर. दाट. गुलाबी कोपऱ्यात तर रांगोळी सांडल्यासारखे.

*जागा सापडली.*

"घाला," ती म्हणाली.

रंगाऱ्याने हेडसेट घातला. आतली भिंत समोर उभी होती. त्याने मान वळवली, ती जागच्या जागी. वाकला, उठला, एक पाऊल मागे गेला. भिंत भिंतीसारखी वागत होती.

"हं," तो म्हणाला.

"आता वरची कड मारा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. घाई नको."

त्याने कंट्रोलर धरला तो चिमटीत, ब्रश धरतात तसा. मुलीने पडद्यावर पाहिलं. तो श्वास रोखून होता. तीही होती, पण ते तिच्या लक्षात आलं नाही.

रेघ निघाली. बारीक दातेरी. करवतीसारखी.

"अजून हलतंय तुझं यंत्र," रंगारी म्हणाला.

"थांबा."

"चादरबिदर काही कामाची नाही. सांगत होतो."

"थांबा म्हटलं ना. कंट्रोलर स्टुलावर ठेवा."

त्याने ठेवला. कंट्रोलरवर डोळ्यांना न दिसणारे दिवे असतात, ते बघून हेडसेट हाताची जागा ठरवतो. पडद्यावर त्याला नाव होतं: उजवा हात. उजवा हात स्टुलावर होता. स्थिर. केसाइतकाही हलत नव्हता.

"उचला."

उचलला. पडद्यावरचा हात हवेत लोंबकळत्या दिव्यासारखा थरथरायला लागला.

"ठेवा."

स्थिर.

तिसऱ्यांदा उचला असं ती म्हणाली नाही. हेडसेट डोळ्यांवर असल्यामुळे त्याचा चेहरा अर्धाच दिसत होता, आणि त्या अर्ध्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. लोक थंडीत धरतात तसं, सहज. हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं हेही तिला दिसलं.

"कधीपासून?"

"काय?"

"मी काय विचारतेय ते कळलंय तुम्हाला."

"भिंतीत काही खोट दिसली का? नाही ना? मग तुला काय करायचंय."

"डॉक्टरला दाखवलं?"

"डॉक्टर भिंत रंगवणार आहे?"

*

मॅनेजर आत आला तो सरळ चादरीपुढे थांबला. नीटनेटका, गोड बोलणारा माणूस. जेवणानंतरची बडीशेप अजून तोंडात होती.

"हे काय लटकवलंय?"

"सर, भिंती कोऱ्या आहेत," मुलगी भरभर म्हणाली. "ट्रॅकिंग धरत नाहीये. रेघ हलतेय ती त्यामुळेच. मिस्त्रींनी भिंत फार घासली. दोष भिंतीत आहे. मला थोडे दिवस द्या, मग करू नोंद."

तिने बापाकडे पाहिलं नाही. पडद्यावर तिरकी नजर होती आणि बोट बटणावर, दातेरी रेघ पुसायला.

अंदाज: तो गप्प बसेल. थोडे दिवस मिळतील, औषध मिळेल, नोकरीही कदाचित.

"भिंतीत दोष नाही," रंगारी म्हणाला.

"मिस्त्री, तुम्हाला यातलं..."

"भिंतीला नावं ठेवू नकोस." त्याने हेडसेट काढला. "हात माझा हलतो. चादर टाकल्यावर यंत्र बरोबर चाललंय. तिने बघितलंय, मी बघितलंय."

मॅनेजरने बडीशेप चघळायची थांबवली. एकेकाकडे पाहिलं.

"तुम्ही ओळखता का एकमेकांना?"

"कामापुरतं," दोघं एकदम म्हणाले.

मॅनेजर गोड माणूस होता, त्याने नाकांकडे बघितलं नाही. तो पडद्याकडे गेला आणि रेघ न्याहाळली. "एवढंच ना? मॅडम, हे गुळगुळीत करता येतं की. आपल्याकडे सोय आहे ना ती?"

"आहे."

"मग लावा. हात मुरलेला आहे, कळतंय मला. बारीक थरथर काढून टाकू. पोरांना काय कळणार?"

मुलीने सोय चालू केली. रंगाऱ्याने पुन्हा हेडसेट घातला आणि हात वर नेला. पडद्यावर रेघ निघाली. सरळ, तेलासारखी. दहा वर्षांपूर्वी निघाली असती तशी.

"वा," मॅनेजर म्हणाला. "झालं काम."

पण रंगारी मध्येच थांबला होता. त्याने हात डावीकडे नेला. आतला हात जरा मागे राहिला आणि मग आला. उजवीकडे नेला. आतला हात विचार करून निघाल्यासारखा निघाला. तो थांबला, तरी आतला चालतच होता, मग थांबला.

"हा कुणाचा हात?"

"तुमचाच आहे," मॅनेजर म्हणाला.

"माझ्या मागून येतोय."

"थरथर काढायची तर थोडा उशीर होतो," मुलगी म्हणाली. तिचा आवाज यंत्रातल्या बाईसारखा निघाला. "आधीच्या बऱ्याच जागांची सरासरी काढावी लागते त्याला."

"पोरं याच्यामागून जाणार?"

"हो."

"आणि हा माझ्यामागून."

रंगाऱ्याने कंट्रोलर स्टुलावर ठेवला, हेडसेट काढून टेबलावर ठेवला, पट्टे नीट आत दुमडले.

"दुसऱ्या कुणाचा तरी हात घ्या," तो म्हणाला. "हा मला ओळखीचा वाटत नाही."

"विचार करा, मिस्त्री. शिडीवर आणखी किती दिवस चढणार?"

"आजपासून नाही."

मॅनेजर म्हणाला, बरं, बघू, बोलू. आणि गेला, कारण अशा वेळी जाता येतं म्हणूनच माणसं मॅनेजर होतात.

*

त्याने सामान आवरलं. रोलर धुतलेले होते तरी पुन्हा पुसले. ब्रश फडक्यात गुंडाळले. शिडी उद्या ठेकेदाराचा माणूस नेईल, म्हणाला. चिकटपट्टीचं रीळ पिशवीतून काढून टेबलावर, तिच्या समोर ठेवलं.

"तुम्ही गप्प बसला असता तर जमलं असतं," मुलगी म्हणाली.

"भिंतीवर ढकलत होतीस."

"भिंतीला काय झालं असतं?"

"तुला नाही कळायचं ते."

"मला? मला कळत नाही भिंतीचं?"

त्याने पिशवीची नाडी ओढली. गाठ मारताना बोटं चुकली. तिने मदतीला हात पुढे केला नाही, आणि त्याने करू दिला नसता. दुसऱ्या खेपेला गाठ बसली.

दारापर्यंत गेल्यावर ती म्हणाली, "मिस्त्री. चादर राहिली."

"असू दे. तुझ्या यंत्राला लागेल."

"काम झालं की धुऊन पाठवते."

तो थांबला. मागे वळला नाही. पांढऱ्या दारावर त्याचा तळवा टेकला होता. कोरडा रंग, काही उमटलं नाही.

"धुऊ नकोस," तो म्हणाला.

पावलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. मुलीने खुर्ची ओढली आणि थरथर काढायची सोय बंद केली. हेडसेट टेबलावरून चादरीकडे बघत पडला होता. पडद्यावर हिरवे ठिपके भरून आले होते, सगळ्यात दाट गुलाबी कोपऱ्यात. आणि स्टुलावर ठेवलेला उजवा हात अगदी स्थिर होता.